मध्यभागाचा खिळा

काकांनी आलेखाच्या कागदावर घर काढलं होतं. एक चौकोन म्हणजे एक फूट. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झालेला माणूस, त्यामुळे बिल्डरच्या नकाशावर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता. स्वतः टेप लावून त्यांनी २८ बाय २८ चा फ्लॅट मोजला, समोरासमोरचे कोपरे रेघेने जोडले आणि रेघा जिथे छेदल्या तिथे लाल पेन्सिलीने फुली मारली. मग प्रत्यक्ष घरात ती फुली कुठे पडते ते हुडकून भिंतीत सहा फुटांवर खिळा ठोकला आणि खिळ्याला राउटर अडकवला. राउटरच्या खाली वॉशिंग मशीन, डाव्या हाताला बेसिन, बेसिनवर आरसा, पाठीमागे बाथरूम, बाथरूममध्ये गीझर आणि गीझरच्या वर माळा.

"आता सांगा," ते म्हणाले, "यात चूक काय?"

त्यांची बारावीतली नात मागच्या बेडरूममध्ये बसून क्लासचा व्हिडिओ बघू शकत नव्हती, एवढीच चूक होती. ती पॅसेजमध्ये प्लास्टिकचं स्टूल टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, बाथरूमच्या दारासमोर बसायची. घरातलं कोणी त्या बाजूला निघालं की पाय आखडून घ्यायची. मी गेलो तेव्हाही तिने आखडून घेतले.

चौदा वर्षं मी लोकांच्या घरांत नेटवर्कच्या वायरी ओढतोय, आणि हा खिळा मला पुन्हा पुन्हा भेटतो. कुठे खिळ्याऐवजी लाकडी फळी असते, कुठे सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली कोनाड्यासारखी पेटी. पण जागा तीच, घराचा बेंबीचा भाग. "राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्या जागी ठेवावा" हे वाक्य आता सुभाषिताच्या पदाला पोचलंय. खोक्यातल्या पत्रकात ते असतं, सोसायटीच्या ग्रुपवर फिरतं, आणि कॉल सेंटरवरचा मुलगा तक्रार ऐकून घ्यायच्या आधी तेच म्हणून दाखवतो. त्यातल्या 'मोकळ्या जागी'शी माझं भांडण नाही. 'उंचावर'शी थोडं आहे. 'मध्यभागी' मात्र मला मुळीच मान्य नाही.

आधी हे वाक्य कुठल्या घरांसाठी जन्मलं ते बघू. अमेरिकेतल्या उपनगरी घराच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी दांड्यांचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड. मध्ये पोकळी. बोटाने टकटक केली तर डबा वाजावा तशी वाजते. तिथल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने १९९७ मध्ये बांधकामाच्या एकेका सामानातून रेडिओलहरी पार होताना किती गळतात ते मोजून अहवाल काढला. त्यात हे जिप्सम बोर्ड जवळपास पारदर्शक ठरले आणि काँक्रीट दुसऱ्या टोकाला गेलं. असल्या घरात भिंती नसल्यातच जमा. उरतं फक्त अंतर. आणि फक्त अंतराशी गाठ असेल तर केंद्र हीच उत्तम जागा, हे शाळेतल्या भूमितीनेही सिद्ध होतं. तेव्हा सल्ला खोटा नाही, पण तो परक्या घराचा आहे. आपण तो जसाच्या तसा उचलून विटा-सिमेंटच्या घरात आणला.

आता आपला हिशेब. सिग्नलची घट मोजायचं माप म्हणजे डेसिबल, डीबी. (दाराजवळच्या फ्यूज-स्विचच्या पेटीलाही आपल्याकडे डीबीच म्हणतात; "इथे डीबी कमी पडतोय" असं मी म्हणालो आणि इलेक्ट्रिशियन पेटी उघडायला गेला, असं दोनदा झालंय.) ३ डीबी घटले की ताकद निम्मी, १० घटले की दहावा हिस्सा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ताकद चौथाई उरते, म्हणजे ६ डीबी जातात. काकांच्या घराचा कर्ण साधारण ४० फूट. राउटर एका कोपऱ्यात असेल तर सर्वांत लांबचा कोपरा ४० फुटांवर, मध्यावर असेल तर २० फुटांवर. अंतर निम्मं झालं. म्हणजे तो आलेखाचा कागद, ती लाल फुली आणि तो खिळा या सगळ्याची मिळून जास्तीत जास्त कमाई ६ डीबी. आणि आपली साडेचार इंची विटांची, दोन्हीकडून प्लास्टर केलेली साधी भिंत २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीचे साधारण तेवढेच डीबी खाते. ५ गिगाहर्ट्‌झचे त्याहून जास्त. एक भिंत म्हणजे दुप्पट अंतर, असं धरून चाला. मध्य गाठायच्या नादात वाटेत एक भिंत वाढली तर कमाई शून्य. दोन वाढल्या तर घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या.

हे विटांचं झालं. गेल्या काही वर्षांत पुण्या-ठाण्याकडे उभे राहिलेले टॉवर बरेचसे मिवान पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. वीट औषधालाही नसते. दोन बेडरूममधली भिंतसुद्धा सळई घातलेलं काँक्रीट. तिथे भोक पाडताना ड्रिल कसं किंचाळतं ते ज्याने ऐकलंय त्याला, लहरीचं त्या भिंतीत काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको. असल्या घरात मध्यभागी राउटर ठेवणं म्हणजे चार बंद खोल्यांच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना एकाच आवाजात जेवायला बोलावणं.

आणि आपल्या घराच्या मध्यभागी असतं तरी काय? प्लंबिंगचे पाइप एकाच डक्टमध्ये उतरावेत म्हणून बिल्डर संडास-बाथरूम पाठीला पाठ लावून एकत्र टाकतो. दोन बेडरूमच्या टू बीएचकेत ती जोडी पुष्कळदा नेमकी पोटात येते. म्हणजे मध्यभागी ओल धरलेल्या भिंती, त्यांच्या आत पाण्याने भरलेले पाइप, गीझरची लोखंडी टाकी आणि काचेच्या पाठीवर धातूचा मुलामा दिलेला आरसा. पाणी या लहरी आवडीने शोषतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो तो याच जोरावर. धातू तर लहरीला सरळ माघारीच पाठवतो. सिग्नलच्या सगळ्या वैऱ्यांचं संमेलन भरवायचं असतं तर याहून चांगली जागा सापडली नसती, आणि नेमका तिथेच आपण खिळा ठोकतो.

यात एक गंमत आहे. वास्तुवाले सांगतात, घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान, ते मोकळं ठेवा, विजेची उपकरणं आग्नेयेला न्या. फॉरवर्डवाले सांगतात, मध्यातच ठेवा. दोघे एकमेकांना हसतात. पण मध्याला जात्याच काही मान असतो ही श्रद्धा दोघांची एकच. एकाने तिथे देव बसवला, दुसऱ्याने राउटर. दोघांपैकी कुणीही भिंतीला हात लावून ती कशाची आहे हे बघितलेलं नाही.

'उंचावर'चं सांगतो. छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर ठेवा म्हटलं तर माझी ना नाही. सोफ्याच्या आड आणि फ्रिजच्या मागे तो जात नाही एवढा त्यात फायदा. पण आपल्याकडे 'उंच' म्हटलं की माळाच आठवतो. एका घरात राउटर सापडेना. वायरचा माग काढत स्टुलावर चढलो, तर तो माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागे, दोन स्टीलच्या घागरी आणि एका पितळी परातीच्या मधे बसलेला. चारी बाजूंनी धातू. त्याचे हिरवे दिवे परातीत लखलखत होते, दृश्य मोठं प्रसन्न होतं, आणि खाली हॉलमध्ये त्या घरचे भाऊ प्लॅन बदलून घ्यायला कंपनीशी भांडत होते.

'मध्यभाग नको' असं म्हटलं की लगेच दुसरा पक्ष खूष होतो. तो आळसाचा पक्ष. फायबरवाल्याने दाराच्या चौकटीशेजारी भोक पाडलं, चार फूट वायर आत घेतली आणि चपलांच्या कपाटावर डबा ठेवून तो गेला. आता तो डबा तिथेच आयुष्य काढणार. त्या मुलालाही मी दोष देत नाही, त्याला संध्याकाळपर्यंत आणखी जोडण्या करायच्या असतात. पण मुख्य दार हे घराचं एक टोक. दाराबाहेर जिना, लिफ्टचा काँक्रीटचा खड्डा आणि तिचा लोखंडी पिंजरा. निम्मा सिग्नल तिकडे वाहून जातो आणि लिफ्टची वाट बघणारे शेजारी तुमच्या नेटवर्कचं नाव वाचत उभे राहतात. फायबर काचेची असते, वाकवली की मोडते, म्हणून हलवता येत नाही, अशी एक भीती सांगितली जाते. काच खरी, पण केसासारखी बारीक. बांगडीएवढ्या गोलाईत ती बिनदिक्कत वळते. तिला दुमडायचं नाही आणि दाराच्या फटीत चेंगरू द्यायचं नाही, एवढंच पथ्य. त्याच मुलाला त्याच वेळी आणखी दहा मीटर आत यायला सांगितलं, तर सहसा तो येतो. चहाही लागत नाही. फक्त सांगावं लागतं, आणि सांगायचं तर आधी ठरवलेलं असावं लागतं.

ठरवायचं कसं? फूट मोजू नका, भिंती मोजा. घरात नेटला खरंच बसणारी माणसं कुठे बसतात, त्या जागा आधी धरा. एखादी जागा राउटरला फार सोयीची वाटली तर तिथून त्या प्रत्येक माणसापर्यंत मनातल्या मनात दोरी ताणा आणि दोरी किती भिंतींना भोक पाडून जाते ते बघा. दारातून जात असेल तर ती भिंत धरू नका. फ्लश डोअर बंद असलं तरी विटांपुढे ते कागदच. आपल्या घरांत लहरींचे रस्ते म्हणजे दारं आणि पॅसेज. नकाशावरचं केंद्र कागदावर असतं. दारांची रांग घरात असते.

काकांना मी हे सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. सांगून पटणारा माणूस खिळा ठोकण्याआधी आलेखाचा कागद आणत नाही. मग प्रयोग केला. नातीच्या टेबलावर फोन ठेवून आधी खिळ्यावरच्या राउटरचं माप घेतलं, ५ गिगाहर्ट्‌झवर उणे ७५. हे आकडे उण्यात असतात, आणि शून्याकडे जितके झुकतील तितकं बरं. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० ला नुसतं गोल गोल फिरणारं चाक. मग राउटर खिळ्यावरून काढला, माझ्याकडची लांब पॅच कॉर्ड जोडली, एक्स्टेन्शन बोर्ड लावला आणि काकांना म्हटलं, हा धरा आणि हॉलच्या त्या कोपऱ्यात उभे राहा, जिथून पॅसेज आरपार दिसतो. आरतीचं तबक धरावं तसा राउटर दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले. नातीने आतून ओरडून आकडा सांगितला, "उणे एकसष्ट!"

"परत बघ," काका म्हणाले.

तिने परत बघितलं. एकसष्ट, बासष्ट, पुन्हा एकसष्ट. १४ डीबीचा फरक, म्हणजे जवळपास पंचवीस पट ताकद. आणि अंतर? खिळ्यापासून नातीचं टेबल तेरा फूट. हॉलच्या कोपऱ्यापासून तेवीस. राउटर दहा फूट लांब गेला आणि सिग्नल पंचवीस पटींनी वाढला. मधल्या दोन ओल्या भिंती आणि तो आरसा वाटेतून दूर झाले, बाकी काही नाही.

काका थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी नवा मुद्दा काढला. "मग जास्त अँटेनावाला घ्यायचा का? सहा-आठ असतात त्याला."

हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो, म्हणून जरा थांबतो. राउटर बोलतो तसा फोनही बोलतो. नुसता राउटरचा आवाज मोठा करून भागत नाही. फोनचं उत्तरही राउटरपर्यंत पोचावं लागतं. फोनची बॅटरी छोटी, अँटेना चिमुकला, आणि त्याची लहर राउटरहून कमी ताकदीने निघते. म्हणून फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. राउटरची हाक तुमच्यापर्यंत आली, तुमची ओ त्याच्यापर्यंत गेली नाही. जादा अँटेनांचा उपयोग नाही असं नाही, त्याने राउटरचे कानही थोडे तीक्ष्ण होतात. पण ते कान काँक्रीटपलीकडचं ऐकण्याइतके तीक्ष्ण होत नाहीत. आणि त्या अँटेना लोक ज्या तऱ्हेने पसरतात! कुणी सूर्यकिरणांसारख्या, कुणी खेकड्यासारख्या. उभ्या अँटेनाभोवती लहर मेदुवड्याच्या आकारात पसरते. अँटेना म्हणजे वड्याच्या भोकातून गेलेली काडी. काडी उभी तर वडा आडवा, म्हणजे सपाट घरभर. काडी आडवी केलीत तर वडा उभा राहतो आणि तुमचा बराचसा सिग्नल वरच्या आणि खालच्या मजल्यांच्या स्लॅबवर आपटतो.

रिपीटरबद्दल फार लिहीत नाही. जिथे सिग्नल नाही तिथेच लोक तो लावतात. त्याला पुढे पोचवायला आधी काही मिळायला हवं, हे विसरतात. शिवाय साधा एकपट्टी रिपीटर ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणजे निम्मा वेळ ऐकण्यात जातो आणि वेग तिथेच निम्म्यावर येतो. मेश नावाचे दोन-तीन डब्यांचे जे संच मिळतात ते याहून पुष्कळ शहाणे आहेत, पण त्यांच्यातला आपसातला संवादही हवेतूनच चालत असेल तर मधली भिंत तीच आणि तेवढीच. हजारो रुपये मोजून आणलेले ते सुबक पांढरे डबे एकाच बाथरूमच्या दोन बाजूंना एकमेकांना हाका मारत बसलेले मी पाहिलेत.

काँक्रीट-विटांची घरं सोडा, माझ्या आजोळी काय झालं ते सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर, फूटभर जाडीच्या भिंती, पुढे ओटी, मध्ये माजघर, भोवती पडवी. २०२० च्या टाळेबंदीत मुंबईचा मामेभाऊ तिथे जाऊन राहिला आणि केबलवाल्याकडून नेट घेतलं. त्यानेही तेच सुभाषित वाचलेलं. राउटर माजघरात, देव्हाऱ्याच्या शेजारी. माजघर म्हणजे घराचा गाभारा, अंधारा, थंड, चारी बाजूंनी चिरा. मीटिंगला मात्र तो बसायचा पडवीत, कारण उजेड आणि वारा तिथे. महिनाभर ऑफिसला "इथे रेंजच नाही" म्हणून सांगितलं. मग मामीने देव्हाऱ्याशेजारचा पसारा नको म्हणून राउटर उचलून ओटीच्या खिडकीत ठेवला आणि भावाचं ऑफिस पुन्हा सुरू झालं. मामीने भूमिती केली नव्हती. ती खिडकी पडवीत उघडते, एवढंच तिला ठाऊक होतं.

या सगळ्यात एक बाजू मी अजून मांडली नाही, आणि ती भिंतीची. भिंत नुसती वैरीण नाही. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला; त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीत उभं राहून फोनवर नेटवर्कची यादी उघडा, पंधरा-वीस नावं सहज दिसतील, आणि ती सगळी त्या तीन चॅनेलमध्ये दाटीवाटीने बसलेली असतात. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा खुला झाला. तिथे जागा ऐसपैस, पण लहर भिंतीत लवकर दमते. (तुमच्या वायफायच्या नावापुढे '५जी' लिहिलेलं असतं ते हेच, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही.) आता तिचं हे दमणं दोष म्हणून का मोजायचं? शेजाऱ्याची लहरही तुमच्या भिंतीत दमते. प्रत्येक दोन खोल्यांना हळू आवाजात बोलणारा आपला स्वतंत्र डबा असेल तर हीच भिंत दाराच्या पडद्याचं काम करते. मध्यभागवाल्यांची सगळी धडपड भिंतींवर मात करण्याची आहे. मी म्हणतो, भिंती बांधून झाल्या आहेत, त्यांच्या बाजूने खेळा.

इथे किरणोत्सर्गाची शंका येते, "बेडरूममध्ये नको हो, रात्रभर डोक्याशी." घरातला राउटर साधारण १०० मिलिवॅट ताकदीने बोलतो. एक मीटरवर त्याची तीव्रता दर चौरस मीटरला साधारण ८ मिलिवॅट भरते, तीही तो सतत बोलत राहिला तर. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे १० वॅट. भारताने २०१२ मध्ये मोबाइल टॉवरसाठी ती दहापट कडक करून १ वॅटवर आणली, तिच्याही शंभराव्या हिश्श्याच्या आत हे बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित' या गटात, २बी मध्ये, घातलं हे खरं. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. तरी मन खात असेल तर रात्री बटण बंद करा. महिन्याला दोन-अडीच युनिट वीज वाचेल. पण या भीतीपोटी तो बाथरूमच्या भिंतीवर टांगू नका.

मूळ मुद्दा वायरचा आहे आणि तोच लोकांना सर्वांत जास्त झोंबतो. "वायरच ओढायची तर वायरलेस कशाला घेतलं?" काकांनीही हेच विचारलं, आणि जरा विजयाने विचारलं. मी त्यांना त्यांच्याच खात्यातलं उत्तर दिलं. गच्चीवरच्या टाकीतून आपण घरभर पाणी शिंपडत नाही. पाइप भिंतीच्या आतून नळापर्यंत येतो, आणि नळापासून बादलीपर्यंतची वीतभर धार तेवढी मोकळी असते. कालव्याचं पाणी शेतात सोडतानाही चारी काढावीच लागते ना? वायफाय म्हणजे ती शेवटची मोकळी धार. ती चाळीस फूट लांब करायचा हट्ट आपण धरतो आणि वाटेत पाणी मुरतं म्हणून रडतो.

वायर ओढायला घर फोडावं लागतं ही समजूतही तितकीशी खरी नाही. लँडलाइनच्या जमान्यात बांधलेल्या बहुतेक फ्लॅटमध्ये बिल्डरने हॉलमध्ये आणि निदान एका बेडरूममध्ये टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो. त्यावरचं पांढरं झाकण रंगाच्या तीन हातांखाली पुरलं गेलंय, इतकंच. ते उघडा. आत पीव्हीसीचा पाइप आणि त्यात मेलेल्या फोनची वायर. तिच्या टोकाला नवी कॅट-६ बांधायची, चिकटपट्टीने सांधा गुळगुळीत करायचा, एकाने इकडून भरवायची आणि दुसऱ्याने तिकडून ओढायची. अडली तर थोडी टाल्कम पावडर. काकांकडे ती वायर बावीस मिनिटांत पोचली. मग आठही तारा रंगाच्या क्रमाने लावून जॅक बसवायचा. यातल्या चारच नीट लागल्या तरी दिवा लागतो, नेटही चालतं, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो आणि घरमालक पुढली दोन वर्षं प्लॅनला शिव्या घालतो. त्या टोकाला एक साधा ॲक्सेस पॉइंट. जुना राउटर पडून असेल तर बहुतेक वेळा तोही त्या कामाला लावता येतो.

भाड्याच्या घरात राहणारे म्हणतील, आम्हाला खिळा ठोकायचीही परवानगी नाही. त्यांच्यासाठी चपटी वायर मिळते, स्कर्टिंगच्या कडेने दाराखालून जाते, घर सोडताना गुंडाळून नेता येते. दिसते का? दिसते. सोफ्यामागून चार्जरच्या पाच वायरी लोंबत असलेल्या घरात ही सहावी तेवढी कुरूप कशी ठरते, ते मला अजून कळलेलं नाही.

आणखी एक गोष्ट काकांच्या मुलाला सांगावी लागली, कारण त्याचा टीव्ही हॉलमध्ये, राउटरच्या पुढ्यात होता आणि "आम्हाला तर काही त्रास नाही" असं त्याचं म्हणणं होतं. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे थांबतात. मागच्या खोलीतला अशक्त सिग्नलचा लॅपटॉप अडखळत, तेच तेच परत म्हणत, सावकाश बोलतो. तेवढा वेळ टीव्हीही खोळंबतो. सभेत एकाने माइक सोडला नाही की सगळ्यांचं जेवण लांबतं. म्हणजे नातीची अडचण तिच्या एकटीची नव्हतीच. रात्री मॅच बघताना चित्र फाटायचं ते तिच्या व्हिडिओपायी, आणि बाप कंपनीला फोन लावायचा. मी टीव्हीलाही वायर लावून दिली. जी वस्तू जागची हलत नाही तिने हवा अडवूच नये.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर काम होतं, म्हणून काकांकडे डोकावलो. पॅसेजमध्ये स्टूल नव्हतं. हॉलच्या कोपऱ्यात, पॅसेजच्या तोंडाशी, राउटरला छोटी फळी केलेली होती आणि ती स्पिरिट लेव्हल लावूनच बसवलेली असणार. आलेखाचा कागद त्यांनी जपून ठेवलाय, मला पुन्हा दाखवला. लाल फुलीच्या शेजारी आता बारीक अक्षरात 'भिंती : ३' असं लिहिलंय. वॉशिंग मशीनवरचा खिळा मात्र तसाच आहे. त्याला कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी अडकवलेली असते.